असईच्या पलटणीला पोज कोणती घ्यावी? १६८ शिपाई प्रिंट करायच्या आधी सांगा

केळणाकाठ, भोकरदन

राम राम मंडळी. दोन वर्षं झाली नुसतं वाचतच बसलोय, आज पहिल्यांदा लिहायलोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

असईची लढाई छोट्या शिपायांच्या खेळासाठी टेबलावर मांडायचं लई दिवसांपासून डोक्यात आहे, २३ सप्टेंबर १८०३ वाली, शिंदे विरुद्ध इंग्रज, आमच्याच जालना जिल्ह्यातली. इंग्रजी नकाशात जी कैतना दाखवतात ती आमची केळणा आन् जुआ म्हणजे जुई, ह्या दोन नद्यांच्या बेचक्यात सगळा राडा झाला. सहा बाय चार फुटाचं टेबल तयार आहे, नद्या झाल्या, गाव झालं, काळी माती तर अस्सल शेतातली चाळून टाकलीय, तोफा पण झाल्या. अडलंय ते पायदळापाशी.

झालं असं, मित्राकडं वाळूजला रेझिनचा थ्रीडी प्रिंटर आहे. २८ मिमीचे शिपाई काढायचे ठरले. शिंद्यांची जी कवायती, म्हणजे युरोपी कवायत शिकलेली फौज होती ना, त्यांच्या चाकरीतल्या परदेशी पोलमनच्या हाताखालची, तिच्यापासून सुरुवात. हिशोब असा केला, एका पलटणीला २४ शिपाई, शिपाई चिकटवायला ६० बाय ४० मिमीचे चार बेस, एका बेसवर सहा जण, तीन पुढं तीन मागं. आठ पलटणी म्हणजे १९२ शिपाई. आधी नमुन्याला एक पलटण काढू म्हणलं. आन् मला काय बुद्धी सुचली तर सगळे संगीन रोखून धावणारे घेतले. स्क्रीनवर तेच भारी दिसायले होते, तोंड उघडं, एक पाय हवेत, पागोट्याचा शेमला मागं उडतोय. फायली सहाच होत्या म्हणून मित्रानं त्याच आरशातल्यासारख्या उलट्या करून बारा केल्या, तेवढीच व्हरायटी.

रात्री जेवणं झाल्यावर फेविक्विक घेऊन बसलो तर एक पण बेस धड जमंना. मागच्या ओळीतल्या गड्याची संगीन पुढच्याच्या पाठीत. पुढच्याला पुढं सरकवलं तर त्याची संगीन बेसच्या बाहेर दोन सेंटीमीटर, म्हणजे समोरचा बेस भिडवायचाच नाही. तिरपं लावलं तर शेजारच्याच्या कोपरात. पोरगी चौथीत आहे, ती बघून म्हणली पप्पा हे एकमेकांलाच मारायलेत का. शेवटी एका बेसवर चारच बसवले आन् ते पण पलटण वाटंना, शेवटची एस्टी पकडायला पळायलेत असं दिसायलंय.

तर आता राहिले १६८, त्यांचं सांगा. खांद्यावर बंदूक टाकून चालणारे, छातीशी धरून पुढं सरकणारे, बार काढणारे, गुडघ्यावर बसलेले, गज घालून ठासणारे, सगळ्याच्या फायली मिळायल्यात. एकच पोज घेऊ का मिसळ करू? आन् मिसळ केली तर एका पलटणीत करायची का पलटणीपलटणीत वेगळी? रेझिन काय फुकट येत नाही, घरात आधीच विचारपूस सुरू झालीय.

फोटो टाकलाय, हसू नका.


गारखेडा_फासा, छत्रपती संभाजीनगर

हसलो. पण मला हसायचा हक्क आहे, माझ्या कपाटात वरच्या फळीवर बुटाच्या खोक्यात असेच चाळीसेक धावणारे वीर पडून आहेत, कॉलेजात असताना पाठवून घेतले होते, आजपर्यंत एकदा पण टेबलावर उतरले नाहीत.

भौ, आधी नुसता हिशोब कर. बंदूक आणि वर संगीन मिळून जवळपास ६ फूट लांबी. २८ मिमीच्या मापात ती ३२ मिमीच्या आसपास येते. तुझ्या एका शिपायाच्या वाट्याला बेसवर जागा किती, तर २० बाय २०. रोखलेली संगीन म्हणजे अंगापासून पुढे निदान २० मिमी नुसतं लोखंड. ते जाणार कुठं? पुढच्याच्या पाठीतच जाणार ना. तीच बंदूक खांद्याला उभी लावली की सगळी लांबी वर जाते आणि वर आभाळ मोकळंच आहे, सहा काय तू आठ बसव.

आता म्हणशील की मग लढाई लढाईसारखी दिसायची कशी. तर बघ असईत झालं काय. समोरासमोर दोन गावं दिसली म्हणजे मधे नदीला उतार असणारच असा अंदाज बांधून इंग्रजांचा सेनापती वेलस्ली तिथून केळणा उतरला आणि शिंद्यांच्या डाव्या बगलेवर आला. आला तर पोलमनने अख्खी फळी फिरवली, दोन नद्यांच्या मधे आडवी लावली, ते पण गोंधळ न होता, वेलस्लीला हे अपेक्षितच नव्हतं. म्हणजे तुझ्या पलटणींनी त्या दिवशी सगळ्यात अवघड काम कोणतं केलं? पळत सुटून संगीन मारण्याचं नाही, पायात पाय न अडकता शिस्तीत चालत तोंड फिरवण्याचं. त्याची पोज कोणती? खांद्यावर बंदूक, पाऊल पुढं. बस.

इंग्रजांचं पण तेच. ७८ वी हायलँडर पलटण डावीकडे केळणेच्या अंगाने आली, तोफांच्या माऱ्यातून चालत, जवळ आल्यावर एक बार आणि मग संगीन. संगीन चालली ती थोडा वेळ, चालणं बराच वेळ. गेममध्ये पण तसंच होतं, पाच तास खेळलास तर त्यातले चार तास पलटण चालते नाहीतर उभी असते. तू जर सगळे धावणारे घेतलेस तर राखीव म्हणून मागं उभी केलेली पलटण पण धावतच असणार, ते लई विचित्र दिसतं, मी केलंय.

मी म्हणेन १६८ मधले निदान १२० खांद्यावर बंदूकवाले घे, डोळे झाकून. उरलेल्या ४८ च्या, म्हणजे दोन पलटणींच्या, बार काढणाऱ्या कर. त्या तोफांच्या मागं उभ्या राहतील, तिथं शोभतात.

आणि बार काढणारे लावताना एक युक्ती आहे. खऱ्या कवायतीत मागच्या ओळीतला शिपाई पुढच्याच्या बरोब्बर मागं उभा राहून गोळी मारत नव्हता, तसं केलं तर पुढच्याचं डोकं उडेल. तो थोडा उजवीकडं सरकून दोघांच्या मधल्या फटीतून, पुढच्याच्या उजव्या खांद्यावरून नळी काढायचा. तू पण बेसवर तेच कर, पुढचे तिघे दोन-तीन मिमी डावीकडे, मागचे तिघे तेवढेच उजवीकडे. बंदुका आपोआप फटीत बसतात. माझ्या बेसचा फोटो रात्री टाकतो.


उदगीरचा_तोडेदार

गारखेडाभाऊ, तुम्ही म्हणता ते कवायती पलटणीला सोळा आणे खरं आहे, पण सगळी फौज तशी केली की ते टेबल १५ ऑगस्टची परेड वाटतंय हो. मला तर एकच पोज १६८ वेळा रंगवायची म्हणलं की हातच चालत नाही, मी चाळीसाव्यालाच सोडून देतो.

मी आमच्या गावची लढाई करूलालाव, ३ फेब्रुवारी १७६० ची, सदाशिवरावभाऊ विरुद्ध निजाम. त्यात भाऊंकडं इब्राहिमखान गारदी, त्याचे गारदी फ्रेंच वळणाची कवायत शिकलेले, तेवढे मी ओळीत सारखेच केलेत, खांद्यावर बंदुका, तुम्ही म्हणता तसंच. पण निजामाकडचे तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीनं पेटणाऱ्या बंदुकीवाले? त्यांला तसं करून कसं चालेल? जळता तोडा हातात घेऊन माणूस उभा, कमरेला बंदुकीच्या दारूचं शिंग, शेजारचा पण तसाच, आणि दोघं खांद्याला खांदा लावून उभे राहिले तर एक ठिणगी पडली की दोघंही गेले. म्हणून तोडेवाला सुटासुटा उभा राहायचा. मी एका बेसवर सहाच्या जागी तीनच लावतो, एखाद्यावर चार, आणि पोज जेवढ्या मिळतील तेवढ्या वेगळ्या. एक गज ठासतोय, एक तोड्यावर फुंकर मारतोय, एक गुडघा टेकून नेम धरूलालाय, एक नुसता हात कपाळावर धरून बघूलालाय की धूर हटतो का नाही. तो कपाळावर हातवाला माझा सगळ्यात लाडका आहे, त्याच्याकडं बघितलं की धूर काढायची गरजच पडत नाही.

मग लांबून बघितलं ना, की कवायती कोण आणि बिनकवायती कोण ते झेंडा न बघता कळतं. आमच्याकडं नवीन पोरं खेळायला येतात, त्यांला एक शब्द सांगावा लागत नाही.

तुमच्या असईला पण शिंद्यांसोबत बिनकवायती पायदळ होतंच की, असई गावाच्या बाजूला. केळणाकाठभाऊ, ते करा ना मिसळीचं, तुमचा जीव पण रमेल. पण गुडघ्यावर बसलेला घेताना बघून घ्या, तो दिसायला बुटका पण मागचा पाय लांब पसरतो, बेसवर उभ्या माणसापेक्षा जास्त जागा खातो. मी आधी सगळी पुढची ओळ गुडघ्यावरची घेतली होती, मागच्यांला पाय ठेवायला जागाच उरली नाही.

आणि ते धावणारे फेकू नका. खर्ड्याची लढाई कुणी करायला लागला, १७९५ ची, तर त्याला सांगा की बाबा घेऊच नको, तिथं तोफा आणि बाणांनीच काम झालं आणि निजाम रातोरात खर्ड्याच्या किल्ल्यात जाऊन बसला. पण असईत संगीन चालली, आणि चांगली चालली, तेव्हा एखाद-दुसरा बेस लागेलच.


कवायतवाली, हिंगोली

फोटो झूम करून बघितला. पुढच्या बेसवरचे डावीकडून पहिला आणि तिसरा, या दोघांच्या बंदुकीची कळ, म्हणजे ठिणगी पाडणारा भाग, डाव्या बाजूला आहे. काडतुसाची पेटी पण डाव्या कमरेला. हे ते उलटे केलेले दिसतात.

चकमकीच्या बंदुकीची कळ उजव्या बाजूलाच असायची, रंजक म्हणजे पेटवायची दारू पण तिथंच, कान म्हणजे ती आत पोचवणारं भोक पण तिथंच. डावखुऱ्याने डाव्या खांद्याला लावून ओढली तर रंजकीचा भडका सरळ त्याच्याच तोंडासमोर. म्हणून फौजेत डावखुरं कुणी चालतच नव्हतं, जन्माने असला तरी उजव्या हातानेच शिकायचा. पेटी उजव्या कमरेला कारण काडतूस उजव्या हाताने काढायचं, संगिनीचं म्यान डावीकडं. आरशात उलटवलं की हे सगळंच उलटं होतं. व्हरायटीसाठी फाईल उलटी करायची पद्धत जनावरांना ठीक, बैल उलटा केला तर काय बिघडत नाही. शिपायाला नको.

आमच्या घरी हा विषय निघतो कारण बाबा एसआरपीत होते, रिटायर झाले, पण अजून अंगणात कुणी वाकडं उभं राहिलं तरी बोलतात. मी स्वतः एनसीसी केलीय, तेवढंच माझं क्वालिफिकेशन, इतिहासातलं मला तुमच्याइतकं कळत नाही. पण तुमचा फोटो बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, मोबाईल लांब धरला आणि पहिलं वाक्य काय, "हा पडणार."

म्हटलं कोण पडणार. तर तो मधला, हवेत पाय असलेला. मग उठून दाराआडचा झाडू घेतला, अंगणात गेले आणि करूनच दाखवलं, वय ६३. म्हणे हातात चार-साडेचार किलोची बंदूक आहे, ती पुढं धरली की वजन पुढं जातं, मग माणूस मागचा पाय असा सैल हवेत सोडूच शकत नाही, तोंडावर पडेल. गुडघे जरा वाकवावे लागतात, पावलं आखूड पडतात, खांदे खाली. आणि शेजाऱ्याच्या बरोबरीने जायचं तर लांब टांग टाकताच येत नाही, ओळ फुटते. सिनेमातल्यासारखं ओरडत पळणं एकट्याचं काम आहे, ओळीचं नाही. आई आतून ओरडली झाडू ठेवा म्हणून, तेव्हा थांबले.

त्यामुळे संगीन रोखलेले घ्यायचेच असतील तर दोन्ही पाय जमिनीवर असलेले, गुडघ्यात वाकलेले घ्या. जागा पण कमी घेतील.

खांद्यावर बंदुकीवाले घेताना एवढं बघा. बंदूक डाव्या खांद्याला हवी, आपली कंधे शस्त्र पण डावीकडंच असते. आणि चालताना सगळ्यांचा डावा पाय पुढं. तेज चल म्हटलं की पहिलं पाऊल डावं, हे इंग्रजांच्या कवायतीतून आलंय ते आजपर्यंत चाललंय. एका बेसवर तिघांचा डावा आणि तिघांचा उजवा पुढं असेल ना, तर ज्याने एकदा तरी परेड केलीय त्याला बघवत नाही. आम्हाला मैदानावर यासाठी चार फेऱ्या जास्तीच्या पडायच्या. बिनकवायतीवाल्यांचे पाय कसेही असू देत, तिथं मी काही बोलणार नाही.

मान मात्र सारखी नको. ओळीत चालताना एखादा डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजारी बघतोच, ओळ सरळ आहे का म्हणून. एखाद्याची हनुवटी खाली जाते. तेवढ्याने जिवंत दिसतात.


साचेवाला, वाळूज

वरच्या ताईंचा मानेचा मुद्दा लाख रुपयाचा आहे, तो कसा करायचा ते सांगतो. मुंडकी वेगळी काढा. धडाच्या तीन फायली घ्या, तिन्ही खांद्यावर बंदूक, डावा पाय पुढं, फक्त कोट-पट्ट्यात बारीक फरक. मुंडक्याच्या पाच. तीन पाचे पंधरा झाले. वर चिकटवताना मान थोडी डावी उजवी फिरवायची, दोन कधी एकसारखे होत नाहीत आणि पाय मात्र सगळ्यांचे एका तालात. मुंडकी छोटी असतात, एका प्लेटवर पन्नास-साठ बसतात, रेझिन पण किती लागणार.

मी दिवसा डाय-मोल्डच्या कामावर असतो आणि घरी शिपाई ओततो, आधी धातूचे ओतायचो आता प्रिंट करतो, तर पोज म्हटलं की मला आधी हेच दिसतं की मोडणार कुठून. खरी संगीन इंचभर रुंद धरली तर २८ मिमीत ती अर्धा मिमी पण भरत नाही. तेवढी बारीक काढली तर प्लेटवरून उचलतानाच जाते, म्हणून फाईल बनवणारे मुद्दाम जाड करतात, तरी पण समोर एकटीच बाहेर आलेली संगीन म्हणजे मोडायला आमंत्रण. खांद्याला चिकटलेली बंदूक निम्मी अंगाला धरलेली असते, ती मोडायची तर खाली पडावी लागते. साच्यात धातू ओतायचा असला तरी तेच, हात-बंदूक अंगासरशी असली की साचा दोन फळ्यांचा करून भागतं, हात समोर काढलेला असला की माल नीट उतरत नाही, टोकाला हवा अडकते आणि नळी अर्धीच येते. जुन्या धातूच्या शिपायांच्या पोज इतक्या आखडलेल्या का वाटतात त्याचं निम्मं कारण हेच आहे. १/७२ मापाचे मऊ प्लॅस्टिकचे जे मिळतात त्यांच्या बंदुका मोडत नाहीत पण वाकतात, आणि वाकल्या की रंगाचे पापुद्रे निघतात.

केळणाकाठ भौ, तुमच्या किती संगिनी मोडल्या ते लिहिलं नाही तुम्ही, पण फोटोत निदान तीन दिसतात. मित्राला विचारा की धुतल्यावर उन्हात किती वेळ ठेवले. आपल्याकडं गच्चीवर वाळवणासारखे पसरून दुपारभर ठेवतात लोक, एक नंबर चूक आहे. आपल्या उन्हात थोड्या मिनिटांत होतं काम, जास्त भाजलं की रेझिन काचेसारखं कडक होतं, बोट लागलं की टक्क. सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवा, पलटवा, उचला. हातमोजे घालून करा हे सगळं, कच्चं रेझिन कातडीला चांगलं नाही, आणि धुतलेलं पाणी मोरीत ओतू नका.

प्रायमरचा स्प्रे पण मे महिन्यात दुपारी मारू नका. थेंब हवेतच वाळतो आणि शिपायाच्या अंगावर रवा पसरल्यासारखं खरखरीत होतं, मग कितीही बारीक ब्रश घ्या. मी सहा वाजता उठून मारतो, धूळ पण बसलेली असते तेव्हा.

प्रिंटला लावताना शिपाई थोडा पाठीकडं कलता ठेवायचा, म्हणजे सपोर्टच्या काड्या पाठीला लागतात, तोंडाला नाही. पाठीवरचे डाग रंगात झाकले जातात, नाकावरचा डाग कुठं झाकणार. आणि रात्री लाईट जाते तिथं लांबलचक प्रिंट लावूच नका, इन्व्हर्टर नसेल तर. कमरेत आडवी रेघ असलेले बारा शिपाई माझ्याकडं शोभेला आहेत.


केळणाकाठ, भोकरदन

मंडळी काय बोलू, एवढं कुणी समोर बसून पण सांगत नाही. ताई, बाबांला माझा नमस्कार सांगा, आन् आईंची माफी मागतो झाडूबद्दल.

मोडलेल्या तीन नाहीत, सात आहेत. मित्राला विचारलं, तो म्हणला सकाळी दहाला गच्चीवर ठेवले आन् कंपनीतून आल्यावर काढले. वाळवण हाच शब्द वापरला त्यानं पण.

उलट्यांचं तर मला कळलंच नव्हतं. आता दिसलं तर दुसरं काही दिसंना झालंय.

एक विचारतो, बार काढणाऱ्या दोन पलटणी म्हणलात, त्यात ठासणारे मिसळू का? का सगळेच नेम धरलेले?


गारखेडा_फासा, छत्रपती संभाजीनगर

मिसळ, पण ओळीने. पुढचे तिघे नेम धरलेले, मागचे तिघे ठासणारे. कसलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढायचा, म्हणजे गोळी मारतानाच्या क्षणापेक्षा ठासण्यातच त्याचा वेळ जायचा, आणि ठासणाऱ्याचा गज वर उभा असतो, जागा खात नाही. एकाच ओळीत एक नेम आणि एक ठासणी असं केलं तर ते तोडेदारभाऊंच्या निजामाच्या फौजेत जातील.

एक बेस मात्र वेगळा कर, इंग्रजांकडचा. ७४ वी पलटण पुढच्या टेहळणीवाल्यांच्या मागं मागं उजवीकडे भलतीकडे भरकटली, असई गावाच्या तोफांसमोर गेली आणि पार चिरडली गेली, शेवटी उरलेसुरले मेलेल्यांचा आडोसा करून चौकोन धरून बसले तेव्हा घोडदळ येऊन सुटका झाली. तिथं गुडघ्यावरचे घे, दाटीने, तोंडं चारी बाजूला. त्या एका बेसला सगळे नियम मोड.


उदगीरचा_तोडेदार

आणि कपाळावर हातवाल्याची फाईल पाहिजे असेल तर सांगा, पाठवून देतो. फुकटची आहे, मी स्वतः बनवलीय, नाक जरा मोठं आलंय.


केळणाकाठ, भोकरदन

तीन आठवड्यांनी येतोय. १२० पैकी ७२ झाले, म्हणजे तीन पलटणी. मुंडकी वेगळी काढली, पाय सगळे डावे. आधी फायली काढायच्या अगोदर पुठ्ठ्याचे ६० बाय ४० तुकडे कापून त्यावर जुने शिपाई ब्लू-टॅकनं, त्या चिकट पुट्टीनं, उभे करून बघितले, तेव्हा सहा आरामात बसले. बंदुका वर एका रेषेत गेल्या की जवारीचं उभं पीक दिसतं राव, वाऱ्यानं थोडं हललेलं. पोरगी ह्या खेपेला काही बोलली नाही, नुसती बोटानं मोजत बसली.

धावणाऱ्यांपैकी सुलटे बारा, त्यातले पाच धड संगीनवाले होते, ते एका बेसवर तीन आन् एकावर दोन असे सुटे लावले, पलटण फुटल्यावर ठेवायला. सात मोडक्यांच्या हातात गज दिले, तोफखान्यात बदली.

आन् उलटे बारा. फेकायचं जिवावर आलं. मग आठवलं की असईत तोफांवरचे गोलंदाज मेल्याचं सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिले आन् इंग्रजांची ओळ पुढं गेल्यावर उठून त्यांच्याच पाठीवर तोफा डागल्या, वेलस्लीला परत फिरून त्या दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. तर हे बारा जण मी पालथे घालून तोफांच्या चाकाखाली चिकटवलेत. बंदुका कापून काढल्या, हवेतला पाय आता मातीत आडवा पडलाय, एकदम बरोबर दिसायलंय. फोटो टाकलाय.


कवायतवाली, हिंगोली

छान जमलंय. दुसऱ्या तोफेच्या डाव्या चाकापाशी जो पडलाय त्याच्या डाव्या कमरेला पेटी दिसतेय. बाबांना अजून फोटो दाखवला नाही.


केळणाकाठ, भोकरदन

थांबा दाखवू नका, कानस घेऊन बसलोय.